सातवा टेक

"हेरंब, माकडं," ताई म्हणाली आणि तिनं व्हायोलिनचा बो खाली घेतला.

मला ती माकडं तिच्या आधी ऐकू आली होती. शाळेच्या चॅपलला वर पत्रा होता, आणि पत्र्यावरून तीन वानरांनी एकामागून एक पळत जायचं ठरवलं तर हेडफोन लावलेल्या माणसाच्या डोक्यातून मोर्चाच जातो. मी वहीत 'टेक ४ – वानरं' असं लिहिलं आणि बाहेर जाऊन रांजण्यांना हाक मारली. रांजणे शाळेचे वॉचमन. नाताळच्या सुट्टीत पोरं घरी गेलेली, त्यामुळे तीन दिवस त्यांना दुसरं काम नव्हतं. गलोल घेऊन ते चॅपलला प्रदक्षिणा घालत होते आणि वानरांना अशा शिव्या हासडत होते, की त्या मुद्रणात आल्या असत्या तर ताई वाजवत होती तो सोनाटा भलत्याच कारणानं गाजला असता.

"गेली का?" ताईनं विचारलं.

"गेली. पण तुझी तार उतरली असेल."

"उतरलीच आहे."

ती परत तार सुरात लावायला बसली. सकाळचे दहा वाजले होते. पाचगणीत डिसेंबरात दहाला सुद्धा दगडी भिंती गार असतात, आणि तिच्या तारांना गार-गरम काहीच सोसत नसे.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वैजयंती. ती व्हायोलिन वाजवायची, पण आपल्याकडे गाण्याच्या साथीला असतं ते नव्हे आणि सिनेमातलंही नव्हे. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात जसं होतं तसं. त्याला हनुवटी टेकवायची पट्टी नसते, बो बाहेरच्या बाजूला वाकलेला असतो, आणि तारा पोलादाच्या नसून तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्याच्या असतात. त्या काळचं संगीत त्याच काळच्या वाद्यांवर, त्याच काळच्या उतरलेल्या पट्टीत वाजवायचं, असा हट्ट धरणारी माणसं जगात आहेत. ते शिकायला ताई हॉलंडला गेली आणि तिकडचीच झाली. त्या तारा कशाच्या हे आईला कळलं तेव्हा ती म्हणाली होती, "अगं, मेंढीची आतडी वाजवायला एवढ्या लांब कशाला गेलीस? खाटीकआळी आपल्या वाईतही आहे."

हे सगळं २००६ सालचं.

दुसरं वाद्य हार्पसिकॉर्ड. लांबून पियानोच वाटतो, पण त्यात तारेवर हातोडी पडत नाही, पिसाची काडी तार छेडते. ते पुण्याच्या फिरोझाबाईंचं होतं आणि गाद्यांत गुंडाळून टेंपोनं वर आणलं होतं. फिरोझाबाई साठीच्या पुढच्या पारशी बाई. मराठी फाडफाड बोलायच्या, फक्त व्याकरणातल्या लिंगाशी त्यांचं वैर होतं. वाद्य लावायला त्यांना अर्धा तास लागायचा आणि ते बिघडायला पाच मिनिटं पुरायची.

आणि मी मुद्रण करणारा. वेदीमागे पाद्रीबाबांच्या झग्यांची खोली होती, तिथे माझं टेबल, माझी यंत्रं आणि हेडफोन. जाड सागवानी दारामुळे माझा आवाज बाहेर जात नसे आणि बाहेरचं मला फक्त मायक्रोफोनमधून कळे. मुंबईत सात वर्षं मी मोठ्या स्टुडिओत होतो. वडील गेले आणि आईचं दुखणं सुरू झालं, तेव्हा वाईला परत आलो. त्यानंतरची अकरा वर्षं मी भजनी मंडळं, कीर्तनकार आणि निवडणुकीतले उमेदवार यांचे आवाज टिपत होतो. उमेदवार सर्वांत सोपे. त्यांची तार उतरत नाही.

ताईचं हे स्वतःच्या नावाचं पहिलंच ध्वनिमुद्रण होतं. वय शेहेचाळीस. तोपर्यंत ती कायम दुसऱ्यांच्या ताफ्यात, मागच्या रांगेत. तिकडच्या एका लहान कंपनीनं अखेर हो म्हटलं, आणि हिनं ठरवलं की मुद्रण आपल्याकडे, आपल्या डोंगरात, हेरंबच्या हातून करायचं. मला कौतुक वाटलं नाही असं नाही. तीन दिवसांची जागा मिळाली होती. चौथ्या दिवशी चॅपलमध्ये नाताळची सजावट सुरू होणार होती, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरोझाबाई आपलं वाद्य घेऊन पुण्याला परतणार होत्या. म्हणजे जे व्हायचं ते त्याच दिवशी. एवढा एक संथ भाग राहिला होता, सहा-सात मिनिटांचा, आणि ताईच्या मते सगळी सीडी त्या एका भागासाठी होती.

माशी शिंकली ती आईच्या बाबतीत. मुद्रणाच्या पहिल्या रात्री तिला धाप लागली आणि तिला वाईच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदयाचं जुनंच दुखणं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, दोन दिवसांनी घरी न्या. तरी ताई मुद्रण सोडून द्यायला निघाली होती. आईनंच तिला हाकललं. "तू जा, तुझं वाजव. इथे शालन आहे."

शालनमावशी आमच्या शेजारच्या. आई त्यांना धाकटी बहीण मानायची. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. आई उशीला टेकून चहा पीत होती. ताईचा हात हातात घेऊन तिनं बोटांची टोकं चाचपून पाहिली आणि म्हणाली, "किती राठ झालीत गं." मी औषधांची पुडकी बघितली, रात्रीची लघवी किती झाली ते नर्सला विचारलं, चादर बदलायला सांगितली. हे मी अकरा वर्षं करत होतो, त्याचं कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. मागे एकदा आईच्या जुन्या मैत्रिणीनं मुलं काय करतात विचारलं, तेव्हा आईनं वीस मिनिटं हॉलंडचं सांगितलं. "आणि मुलगा?" असं त्या म्हणाल्यावर आई म्हणाली, "तो असतो इथे." पिकतं तिथे विकत नाही, ही म्हण मी काढलेली नाही, पण मला ती फार आधीपासून पाठ होती.

गाडी घाटाला लागल्यावर ताई म्हणाली, "माझा आणि फिरोझाबाईंचा फोन बंद राहील. तुझा चालू ठेव."

"माझाही बंदच असतो मुद्रणात."

"आज नको. शालनमावशींना तुझाच नंबर दिलाय. काही असलं तर मला थांबव. टेक मधोमध असला तरी थांबव. कळलं ना?"

"कळलं."

"शपथ घे."

"ताई, मी बावन्न टेक घेतलेत दोन दिवसांत. थांबवणं एवढंच मला येतं," मी म्हणालो आणि ती हसली.

पाचवा टेक फिरोझाबाईंच्या चष्म्यानं घालवला, तो घसरून पट्ट्यांवर पडला. सहावा ताईनं स्वतः सोडला. सातवा सुरू झाला तेव्हा अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती. वेळ मी वहीत लिहायचो.

सातवा टेक सुरुवातीपासूनच वेगळा होता. त्या संगीताची एक पद्धत आहे. चीज दोन भागांत असते आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा थोडी नक्षी करून. ताई पहिला भाग पहिल्यांदा वाजवत होती. तातीला एक खरखर असते, कुणीतरी अगदी जवळ बसून बोलतंय अशी, आणि त्या दिवशी ती खरखरसुद्धा सुरात होती. मी टेबलावर कोपरं टेकून ऐकत होतो.

मग हेडफोनमध्ये टिडिक-टिडिक-टिडिक असा आवाज आला.

तेव्हाचे मोबाइल वाजायच्या दोन क्षण आधी आसपासच्या यंत्रांत असे कुरकुरायचे. रेंज फक्त खिडकीत येत होती म्हणून फोन खिडकीत ठेवला होता आणि तिथूनच माइकची वायर आत आली होती. ती कुरकूर सरळ मुद्रणात गेली. मग फोन थरथरला. मी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि फोन घेतला.

"हेरंबा," शालनमावशी म्हणाल्या, "वैजूला घिऊन ये बाबा. डॉक्टर म्हंत्यात, आता येळ लावू नका. सारखं वैजू वैजू करत्यात. डोळं दाराकडं लागल्यात. निघ आत्ताच्या आत्ता."

"येतो," मी म्हणालो.

"आत्ता निघ."

"हो."

फोन बंद झाला. दुसऱ्या कानात ताई पहिला भाग दुसऱ्यांदा वाजवू लागली होती. माझ्या हाताशी एक बटण होतं. ते दाबलं की बाहेर लाल दिवा विझायचा आणि माझा आवाज चॅपलमध्ये जायचा. मी बटणावर बोट ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

मी स्वतःला काय सांगितलं ते मला शब्दान्‌शब्द आठवतं. चार मिनिटं राहिली आहेत. घाट उतरायला अर्धा तास. चार मिनिटांनी काय होतं? आयुष्यभर थांबलीय ती या टेकसाठी, तो संपू दे. यात काही खोटं नव्हतं. कुणालाही पटलं असतं.

टेक संपला. शेवटचा सूर पत्र्याखाली विरला तोपर्यंत दोघी हलल्या नाहीत. मग फिरोझाबाई हळूच म्हणाल्या, "वैजयंती, हा झाला गं."

ताईनं माझ्या दाराकडे पाहिलं. मला ती दिसत नव्हती, पण ती माझ्याशी बोलायला तोंड वळवायची तेव्हा आवाजाचा पोत बदलायचा. "हेरंब? झाला ना?"

मी बटण दाबलं.

"ताई, मधे वायरीची कुरकूर आलीय. पहिल्या भागात. अजून एक घेऊ या."

"खूप आलीय?"

"ऐकू येतेय."

 मग ती म्हणाली, "बरं."

"अरे पण माझा खालचा पट्टा उतरला आहे," फिरोझाबाई म्हणाल्या. "मला सगळा परत लावायला लागेल. पंचवीस मिनिट दे."

"घ्या," मी म्हणालो.

पंचवीसाची पस्तीस मिनिटं झाली, तेवढा वेळ मी त्या खोलीत बसून राहिलो. हार्पसिकॉर्ड लावणं म्हणजे एक तार छेडायची, किल्लीनं केसभर पिळायची, पुन्हा छेडायची. टंग. टंग. टंग. मग पुढची. एका सप्तकाच्या बारा, तशी चार सप्तकं. मी प्रत्येक ऐकली. मायक्रोफोन चालू होते, त्यामुळे त्या दोघी काय बोलतात तेही मला येत होतं.

"आता कशी आहे आई?" फिरोझाबाईंनी विचारलं.

"सकाळी चहा पीत होती. संध्याकाळी हे नेऊन ऐकवणार आहे तिला. हेरंबला सांगते, एवढा भाग सीडीवर घालून दे म्हणून. तिला यातलं काही आवडत नाही हो. म्हणते, हे ऐकलं की कुणाचं तरी बारावं असल्यासारखं वाटतं." ताई हसली. "पण हा भाग आवडेल."

टंग. टंग.

मला काही वाटलं नाही. भीती नाही, घाई नाही. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला नाही असं होतं, तसं सगळं अंगच आपलं नाही असं झालं होतं. पाद्रीबाबांचे झगे खुंट्यांना टांगले होते, ते मी मोजले. नऊ होते. एकाची किनार उसवली होती. दार तीन पावलांवर होतं. मी फक्त तीन पावलं चालायला हवं होतं.

फोन पुन्हा आला नाही. मी तो बंद केला होता. पुन्हा कुरकूर नको म्हणून.

आठवा टेक अकरा छप्पन्नला सुरू झाला आणि बारा वाजून तीन मिनिटांनी संपला. तो कसा झाला हे मला तेव्हा विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं. मी आवाजाची पातळी दाखवणारे काटे बघत होतो. काटे लाल रेघेच्या अलीकडे राहिले. वानरं आली नाहीत, चष्मा पडला नाही. ताई म्हणाली, "आता?" आणि मी म्हणालो, "झालं."

मग मी फोन चालू केला, दार उघडलं आणि चॅपलमध्ये गेलो.

"ताई, मावशींचा फोन आला. निघायला हवं."

तिनं व्हायोलिन फिरोझाबाईंच्या हातात दिलं. पेटीतसुद्धा ठेवलं नाही. बाहेर रांजणे गलोल खांद्याला लावून उभे होते, त्यांनी आमची तोंडं पाहून नुसता हात वर केला.

पसरणीचा घाट मी त्या दिवशी जितका नीट चालवला तितका पुन्हा कधी चालवला नाही. प्रत्येक वळणाला हॉर्न दिला. ताई पुढे वाकून बसली होती. हॅरिसनच्या दरीकडे तिनं बघितलंही नाही, एरवी दर खेपेला गाडी थांबवायला लावायची. अर्ध्या घाटात ती म्हणाली, "बरं झालं, निदान टेक संपल्यावर आला फोन."

"हं," मी म्हणालो.

आम्ही पोचलो तेव्हा आईला जाऊन वीस मिनिटं झाली होती.

ताई आत धावली. शालनमावशी दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचा पदर तोंडावर होता. मला पाहून म्हणाल्या, "किती येळ लावलासा रं."

"घाट," मी म्हणालो.

त्या पदर सावरून आत गेल्या. पुढे आठ वर्षं जगल्या, आमच्याकडे रोज येत राहिल्या, सणाला पोळ्या आणून देत राहिल्या. घाट उतरायला किती वेळ लागतो हे वाईच्या माणसाला सांगावं लागत नाही. पण त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मीही ताकास तूर लागू दिली नाही.

पुढची कामं सगळी माझ्याकडे होती. दाखला, गुरुजी, लाकडं, कृष्णेचा घाट, नातेवाइकांची जेवणं. लोक म्हणाले, हेरंब किती खंबीर. ताई रडून रडून आजारी पडली. मला रडू आलं नाही आणि यायला हवं असंही वाटलं नाही. तेराव्याला मी सगळ्यांना आग्रह करून लाडू वाढले. त्यानंतर ताई परत गेली आणि मी त्या मुद्रणाचं संकलन करायला बसलो. आठवा टेक घेतला. जसाच्या तसा, एकही जोड न देता.

सीडी गाजली. म्हणजे त्या जगात जेवढं गाजतं तेवढी. तिकडच्या एका मासिकानं लिहिलं की या संथ भागात वादिका जणू कुणाला तरी निरोप देते आहे. ताईनं मला ते फोनवर वाचून दाखवलं आणि फोनवरच रडली. तिच्या मते आईनं जाता जाता तिच्या हातात काहीतरी ठेवलं होतं. पुढे तिला बोलावणी यायला लागली. ती पुढच्या रांगेत गेली. प्रत्येक मुलाखतीत ती त्या दिवसाबद्दल सांगायची, माझं नाव घ्यायची. माझ्या भावानं टिपलेलं, म्हणायची.

सोळा वर्षांनी ती वाईला आली, ती हाताची बोटं आखडल्यामुळे. सांधेदुखी. वाजवणं बंद झालं होतं. त्या कंपनीला जुनी सीडी नव्यानं काढायची होती, आणि सोबत न वापरलेले टेक असले तर तेही हवे होते. "तुझ्याकडे असतीलच," ताई म्हणाली. "तू चिंधीसुद्धा टाकत नाहीस."

होतेच. कच्चा माल फेकायचा नाही हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मला ते पुसून टाकायला सोळा वर्षं होती, आणि मी पुसले नव्हते. का, ते मला विचारू नका.

दुपारी जेवण झाल्यावर तिला माझ्या खोलीत बसवलं, हेडफोन दिले, वही दिली आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेलो. वही द्यायलाच हवी होती असं नाही. चहाला उकळी आली. मी गॅस बारीक केला, चहा गाळला, दोन कप घेऊन आलो. ती हेडफोन मांडीवर ठेवून बसली होती आणि तिचं आखडलेलं बोट वहीतल्या एका ओळीवर होतं.

"हेरंब, सातव्यात ही टिडिक-टिडिक कसली आहे?"

"मोबाइलची."

"ती फोन यायच्या आधी येते ना?"

"हो."

"म्हणजे फोन सातव्याला आला."

"हो."

तिनं वही जवळ घेतली. सातवा, अकरा चौदा. आठवा, अकरा छप्पन्न. ते माझंच अक्षर होतं, आणि माझं अक्षर सुवाच्य आहे.

"तू घेतलास तो?"

"घेतला."

"मावशी काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगितलं. 'डोळं दाराकडं लागल्यात' हेही सांगितलं. चहावर साय धरली. ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. बाहेर शेजारच्यांनी वाळत घातलेल्या सतरंज्या होत्या.

मग ती माझ्याकडे वळली. इतक्या मायेनं तिनं माझ्याकडे क्वचितच पाहिलं असेल. "माझ्या सीडीसाठी ना रे? माझा टेक वाया जाऊ नये म्हणून?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. तिनं मला माफ केलं असतं, एवढंच नाही, तिनं दोष स्वतःकडे घेतला असता आणि उरलेलं आयुष्य तो सांभाळला असता. तशी ती आहे. सोळा वर्षं हेच उत्तर मी तयार ठेवलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"ती कुरकूर पहिल्या भागात होती. पहिल्यांदा वाजवलास तेव्हा. तो भाग तू परत वाजवलास. त्यातले दोन सूर उचलून इथे लावले असते तर कुणाला कळलंही नसतं. पाच मिनिटांचं काम. मला तेव्हाच माहीत होतं. आठवा टेक लागतच नव्हता."

"मग?"

मला वाटलं होतं की हे सांगताना आवाज कापेल. कापला नाही. "ती तुझं नाव घेत होती, ताई. अकरा वर्षं मी तिचं सगळं केलं. आंघोळ, औषधं, हागणं-मुतणं. आणि शेवटी ती वैजू वैजू करत होती. मला वाटलं, बघू दे वाट. मी बघितली तशी. एकदा तरी तू नसावंस."

 मला वाटत होतं, तिनं ओरडावं. वही फेकावी. मी त्याची तयारी करूनच बसलो होतो, किती वर्षं कोण जाणे.

तिनं वही मिटली आणि ती माझ्यापुढे सरकवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज अगदी साधा होता, लहानपणी मला शाळेत सोडताना असायचा तसा.

"मग तू तरी जायचं होतंस, हेरंब," ती म्हणाली. "मला थांबवून ठेवायचं आणि तू जायचं. तिचं पोटचं कुणीच नव्हतं रे जवळ."

सोळा वर्षांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.